मोटरहोमची लेव्हल

३ फेब्रुवारी
जुन्या स्कूलबसची मोटरहोम तयार! खाट, शेगडी, पडदे, सगळं फिट. पडदे बायकोनं, भागिरथेनं शिवले, पण डिझाइन माझं. रिटायर झाल्यावर भागिरथेला घेऊन सांची, सारनाथ, बुद्धगया करायचं, हे मी कधीचं ठरवलंय. तिची एकच अट : "एक रात गाडीत झोप लागली, त येतो. नाई त तुमी जा." एकदम सोप्पं. आज अनसिंग गावच्या आपल्या वावरात ट्रायल. जमीन थोडी उताराची आहे, पण मी जन्मभर शाळेत ड्रॉइंग शिकवलं. माझी नजर हीच लेव्हल.

४ फेब्रुवारी, सकाळ
भागिरथा घरंगळून माझ्यावर, मी दारावर, दार बाहेर उघडलं. वावरात पडलो. शेजारचा किसनसिंग गव्हाला पाणी द्यायला आला होता. गुरुजी हरभऱ्यात काहून झोपले, म्हणून विचारू लागला. योगा करतोय, असं सांगितलं. भागिरथा म्हणते, झोप लागली नाही. उतार, दुसरं काय?

५ फेब्रुवारी
काल खालच्या बाजूच्या चाकांखाली शेताच्या कडेचे, धुऱ्यावरचे दगड घातले. नजरेनं चेक केलं. परफेक्ट. रात्री ताटातलं वरण भागिरथेच्या बाजूला गेलं. आदल्या रात्री माझ्या बाजूला येत होतं, म्हणजे प्रगती आहे. पण तिला झोप नाहीच. सकाळी आणखी काहीतरी सांगत होती. मी दगडांच्या विचारात होतो.

७ फेब्रुवारी
मिस्त्रीलोक वापरतात ती बुडबुड्याची लेव्हलपट्टी वाशीमहून आणली. नजर बरोबर आहे एवढं सिद्ध करायला. पट्टी खराब निघाली. दुसरी आणली. तीही खराब. हल्ली माल चांगला येत नाही.

८ फेब्रुवारी
दगड काढून फळ्या घातल्या. बुडबुडा जवळजवळ मध्ये. जवळजवळ म्हणजे मध्येच. किसनसिंग म्हणाला की माती काळी आहे, वरून त्याच्या गव्हाचं पाणी उतरेल, गाडी सडकेवर घ्या. मी त्याला वजनाचं विज्ञान समजावलं. तो बैलांकडे निघून गेला. कंबर धरली, म्हणून आज मी घरी झोपतोय. गाडीत भागिरथा आणि तिची बहीण ललिताबाई.

९ फेब्रुवारी
पाणी मुरलं. वरच्या बाजूची दोन्ही चाकं मातीत रुतली. आणि बुडबुडा बरोबर मध्ये! हाच माझा प्लॅन होता. आधी बोललो असतो तर किसनसिंगनं पाणी वळवलं असतं. भागिरथा उन्हं वर आली तरी उठेना. झोप लागली! मला तर रडूच आलं. उद्या किसनसिंगच्या ट्रॅक्टरनं गाडी ओढून काढायची, की निघालो.

१० फेब्रुवारी, संध्याकाळ
गाडी मातीतून निघाली. भागिरथा येणार, नक्की. ललिताबाईपण येणार. गाडी मी चालवायची. खाटेवर त्या दोघी झोपणार आणि मी बाहेर तंबूत. मी विचारलं, असं का? लेव्हल तर जमली!

भागिरथा म्हणाली, "लेव्हलचं मले काय करायचं? तुमी घरी होते म्हणून झोप लागली. रातभर घोरता. पयल्या दिवसापासून तेच सांगून राह्यलो."

फार वाईट वाटलं. ललिताबाई तोंडाला पदर लावून हसत होती. मी घोरतो हे साफ खोटं. एवढी वर्षं रोज झोपतोय, मला एकदाही ऐकू आलेलं नाही.