माडाच्या सावलीशी पैज

शके १८५३, पौष व. ४
नात शालूच्या वहीची कोरी पानं मागून घेतली. अक्षर वाकडं तर वाकडं. बापूचं मुंबईहून पत्र. शिमग्याला इंजिन घेऊन येतो, विहिरीवर बसवतो, रहाट मोडून टाकू. "आई, तुझे पाय दुखतात." पाय माझे, आणि बातमी मुंबईला!
बापू पोटात होता तेव्हा मी पायानं रहाट ओढून बागेची दगडी दोण भरली होती. दारच्या माडाची सावली आखडून अंगणातल्या चिऱ्यांच्या ओळीच्या आत यायच्या आधी. सासूबाई म्हणाल्या, "बरी आहे हो सून." जन्मात एकदाच. आता छप्पन्न सरलं. रहाट जायच्या आधी तेव्हाच्या मला, त्या पोरीला हरवायचं.

पौष व. ९
ऊन अंगणात आलं तशी रहाटावर बसले. अर्धी दोण, सावली आत. रहाटाचे दोन लोटे गळके, त्यात माझा काय दोष? हे ओसरीवर सुपारी कातरत, "अगो, रहाट दमला असेल, विचार त्याला." चिडले.

माघ शु. २
नवे लोटे बांधून घेतले. तरी चार बोटं उणी. मांड्या भरून आल्या. निगडीच्या पाल्याचा शेक. शालू म्हणते पाल्यातला ल्या चुकला. चुकूं दे.

माघ शु. १३
जिंकले! दोण भरून वाहिली, सावली ओळीबाहेर हातभर! शालूला गूळखोबरं दिलं, एक फुगडीपण घातली.

तोच दिवस, संध्याकाळ
ह्यांनी माझ्या जिंकण्यावर पाणी ओतलं. "माड तेव्हा केवढा होता गो?" कौलांच्या थोडा वर. आता दुप्पट. उंच माडाची सावली लांब, ती आत यायला उशीर, म्हणजे मला वेळ जास्त मिळाला. मी म्हटलं, गप्प बसा. "खोटं बोलतोय का मी?" खोटं नाही, तोच तर राग. जेवताना तूप वाढलं नाही.

माघ व. ६
तेव्हा घरात घड्याळ नव्हतं. सासूबाई गेल्या. उरले हे. विचारलं, किती वेळ लागला होता त्या दिवशी? "मला काय ठाऊक. मी तुझ्याकडे बघत होतो, सावलीकडे नव्हे." या वयात असलं काही...! पण त्या दिवशीचा वेळ काही कळला नाही.

फाल्गुन शु. ११
बापू आला. इंजिन बोटीतून, मग गाडीतून, आता अंगणात ताडपत्रीखाली. बसवणारा माणूस परवा येतो. बापू म्हणाला, "आई, माझ्या घड्याळावर मोजू." मोज बाबा. पण कमी वेळ लागला तर कुणापेक्षा कमी?
उद्याचा एकच दिवस. रहाटावर बसणार आहे. उजवा गुडघा सकाळपासून सुजलाय, अजून कुणाला सांगितलं नाही.