सतरा नंबर

४ फेब्रुवारी, बुधवार

रोज लिहीन म्हणून वही घेतली त्याला दीड महिना झाला. पहिल्या पानावर नाव घातलं, बाळू, आणि बास. उद्या लिहू, परवा लिहू. आज उघडली कारण घोळ झालाय आणि कुणाला सांगायची सोय नाही.

ईश्वरप्पांच्या गाडीवर ड्रायव्हर आहे मी. सोलापूरच्या मार्केट यार्डात त्यांचा तुरीचा व्यापार, वळसंगला शेत. पुणं सोडलं, मिरज सोडलं, हुबळीत तर तेरा दिवस टिकलो. इथं बरं चाललं होतं. मालक बोलत नाहीत, मागं बसून फोन बघतात. दीड महिन्यात एकदाही गाणी लाव म्हणाले नाहीत.

मला तम्मा म्हणतात, कन्नडात धाकटा भाऊ. आज वळसंगच्या रस्त्याला एकदम म्हणाले, "तम्मा, सतरा नंबर लाव."

लावलं. माझं वरातीतलं गाणं सुरू झालं! ढोल, शिट्ट्या.

"हे न्हाय."

पुढचं लावलं, मागचं लावलं. आरशात त्यांचे डोळे. मी म्हणालो, स्टीरिओ नंबर बदलतोय मालक, धूळ गेली असेल. कुठून सुचलं देव जाणे.

त्यांनी फोन खिशात टाकला. मग म्हणाले, "शिवरात्रीपतोर नीट कर. त्या दिशी लागतंय मला ते."

शिवरात्र पंधराला. अकरा दिवस.

खरं काय ते इथं लिहितो. पेन ड्राइव्ह भरलेला होता आणि मला माझी गाणी घालायची होती. मालकांची कन्नड भजनं मोबाइलवरच्या एका अ‍ॅपमधून बारीक करून घेतली—आकार निम्मा होतो, कानाला कळत नाही म्हणे. त्यात एक फाइल बिननावाची, नुसते आकडे. दहा सेकंद ऐकली. नळ चालू, कुणीतरी भांडी घासतंय. कचरा म्हणून उडवली.

तीच सतरा नंबर होती.

५ फेब्रुवारी

स्टीरिओचा फ्यूज काढून खिशात टाकला. आता खरंच बंद आहे. खोटं तरी खरं केलं!

६ फेब्रुवारी, शुक्रवार

इराक्काला विचारलं. मालकांची थोरली बहीण, घर तीच बघते. ज्वारी निवडत होती. मी सहज विचारल्यासारखं, की मालकांचं ते सतरा नंबर काय आहे?

हात थांबला तिचा. "तू हात लावला न्हाईस न्हवं?"

नाही म्हणालो. हे दुसरं खोटं.

"काशम्माचा आवाज हाय त्यो. त्याची बायकू." मग सगळंच सांगितलं. काशम्मा लई गोड गायची. मठात भजनाला गाते म्हणाली, तर हे म्हणाले घरच्या बाईनं चार लोकांत गायचं नाही. नऊ वर्षांपूर्वी शिवरात्रीच्या सकाळी पिशवी घेऊन भावाकडं गेली, अक्कलकोटच्या पलीकडं. ना हे आणायला गेले, ना ती आली.

"मग आवाज कुठून आला?"

"त्योच भरायचा की! ती भांडी घासताना गुणगुणायची, ह्यो दाराआड मोबाइल धरून उबा. लोकांत गायचं न्हाय, आन ह्यो चोरून ऐकनार!" हसली, मग पदर तोंडाला लावला. "तिला ठावं बी न्हाय. त्यो मोबाइल कवाच हिरीत पडला. ऱ्हायलंय ते त्या काडीत."

शिवरात्रीला वळसंगला जाताना ते एकदा ऐकतात म्हणे. मागच्या ड्रायव्हरनं ती काडी, म्हणजे पेन ड्राइव्ह, नुसती काढून हातात घेतली, तर त्याला वाटेत कुंभारीजवळ भर उन्हात उतरवलं. चालत आला.

त्यानं नुसती हातात घेतली होती!

जेवण गेलं नाही. इराक्का म्हणते उन्हानं असेल. फेब्रुवारीत?

८ फेब्रुवारी, रविवार

जुळे सोलापुरात सुबोधकडं गेलो. गाड्यांचे स्पीकर बसवतो, ओळखीचा. पुसलेलं परत आणायचं काहीतरी त्याच्या लॅपटॉपवर आहे. लावून बसलो. समोर एक जण हॉर्न बदलून घेत होता, अकरा प्रकारचे हॉर्न वाजवून बघितले पठ्ठ्यानं. त्यात माझा अर्धा तास गेला. मलाही एक आवडला.

सुबोधनं मालकांची भजनं ऐकली आणि तोंड वाकडं केलं. "हे काय केलंस? सगळे बुवा पत्र्याच्या डब्यात बसून म्हणतायत."

"ते जाऊ दे, ती फाइल?"

"बाळ्या, नुसती उडवून थांबला असतास तर मिळाली असती की. तू वर तुझी वरात घातलीस. बसायला जागा ठेवलीस का तिला?"

अकरा सेकंद मिळाले. नळ, पातेलं, एक खोकला. मग एक श्वास—गायच्या आधी घेतात तसा—आणि संपलं.

दहाव्या सेकंदाला उडवली होती मी. आणखी दोन सेकंद ऐकलं असतं तर?

९ फेब्रुवारी

पळून जायचं ठरवलं. पिशवी भरली, एसटी स्टँडवर गेलो. हुबळीची गाडी लागायला वेळ होता म्हणून भजी घेतली. भजीवाला कढईत हात न बघता टाकत होता, एका लयीत. बघत उभा राहिलो. गाडी गेली. परत आलो. इराक्का म्हणाली, "पिशवी घेऊन कुटं?" म्हणालो कपडे इस्त्रीला.

११ फेब्रुवारी, बुधवार

आज गेलो काशम्माच्या गावाला, अक्कलकोटच्या पलीकडं. स्टीरिओ दुरुस्तीला नेतो सांगून गाडी काढली. वाटलं तिच्याकडं कुठं दुसरं रेकॉर्डिंग असेल. मठातलं, लग्नातलं, कसलंही.

बाहेरच्या पडवीत चार बायका कडक भाकरी भाजत होत्या. मधली काशम्मा. साठीच्या आसपास, बारीक, हात भराभर चालतात.

मी म्हणालो, "अव्वा, मी ईश्वरप्पांच्या गाडीवर आहे."

भाकरी थापणं थांबलं नाही. "मेला काय?"

"नाही! तुमचं गाणं हवं होतं. माझ्याकडनं पुसलं गेलं."

"कुटलं गाणं? त्याच्या घरात मी कवा गायले?"

"भांडी घासताना. मालकांनी भरलं होतं. दाराआडून."

आता थांबली. पीठ लागलेले हात तसेच वर धरलेले. बाकीच्या बायका कन्नडात काहीतरी कुजबुजल्या, एक फिसकन हसली. काशम्मानं तिच्याकडं नुसतं बघितलं, ती गप्प.

"कवा ऐकतो?"

"शिवरात्रीला. गाडीत."

तव्यावरची भाकरी करपायला लागली. मला वाटलं मऊ झाली बाई, म्हणून बोलून गेलो, "एकदा म्हणता का? मी मोबाइलवर भरून घेतो, नळ चालू ठेवून. त्यांना कळायचं नाही."

असं बघितलं तिनं माझ्याकडं! "येक चोरून भरनार, दुसरा खोटं भरनार. चल नीघ."

वळसंगपर्यंत गाडी दुसऱ्या गिअरमध्येच चालवत आलो, कळलंच नाही.

ही मालकांना फोन करेल का? नऊ वर्षं केला नाही, आता करेल का? मालकांचा फोन वाजला की आरशात बघतो.

१३ फेब्रुवारी

फोन नाही. हे जास्त वाईट.

१४ फेब्रुवारी, शनिवार

हा स्टीरिओ नावानं लावत नाही, ज्या क्रमानं फाइल घातल्या त्या क्रमानं वाजवतो. म्हणून सकाळी पेन ड्राइव्ह रिकामा केला. माझी गाणी घातलीच नाहीत. आधी सोळा भजनं एकेक, मग ते अकरा सेकंद, मग बाकीची. फ्यूज बसवला. काय करणार होतो माहीत नाही. स्पीकर फाटला म्हणणार होतो बहुतेक.

दुपारी मालक स्वतःच येऊन पुढच्या सीटवर बसले. पुढं कधी बसत नाहीत.

"लाव."

नळ. पातेलं. त्यांनी डोळे मिटले. खोकला आला तेव्हा मान हलवली, ओळखीच्या माणसाला हलवतो तशी. मग तो श्वास. मग अठरा नंबरचं भजन सुरू झालं, पत्र्याच्या डब्यातलं. मी बंद केलं.

"फुडं?"

सगळं सांगितलं. वरात, अ‍ॅप, फ्यूज, सुबोध. तिच्या गावाला गेलो ते मात्र जिभेवर आलं आणि गिळलं. बायकोपर्यंत गेलो म्हटल्यावर काय करतील?

ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. दार उघडून एक पाय बाहेर टाकून तसेच बसले. मग म्हणाले, "परत लाव."

नऊ वेळा लावायला लावलं.

उतरताना म्हणाले, "उद्या सातला गाडी काढ. वळसंगला जाऊन येऊ. मग तुझं बघू."

माझं काय बघू? कुंभारीजवळ उतरवणार, का वळसंगच्या पुढं नेऊन? पिशवी परत भरलीय. डिकीत ठेवली.

१५ फेब्रुवारी, रविवार. शिवरात्र

पावणेसात. गाडी पुसत होतो. फाटकाशी रिक्षा थांबली. आधी कडक भाकऱ्यांची चळत उतरली, फडक्यात बांधलेली. मग काशम्मा.

इराक्का पायरीवर मटकन बसली. मालक वर पूजेत आहेत, त्यांना अजून पत्ता नाही.

काशम्मा आत गेली नाही. अंगणातल्या नळाखाली रात्रीची भांडी होती, तिथं बसली, पदर खोचला, नळ सोडला. मला म्हणाली, "जा, बोलव त्याला. म्हनावं मोबाइल घीऊन ये. ह्या बारीला समोर उबं ऱ्हाऊन भर."