गालिचा आमचाच

८ जून १९५३, सोमवार
मधु एस.एस.सी. पास. गणितात शाळेत पहिला. डोकं माझं, बाकी सगळं हिच्या माहेरचं. नाशिकला कॉलेजात घालणार, इंजिनियर करणार. ठरलं म्हणजे ठरलं. फीसाठी आजपासून तपकीर बंद. डबीत आहे तेवढी संपवतो, वाया कशाला घालवा.

९ जून
नुसती तपकीर सोडून इंजिनियर होत नाही. फी, होस्टेल, पुस्तकं, कंपास. माझा निम्मा पगार त्यातच जाणार. हेडमास्तरांना विचारलं, सरकारी मदत मिळेल का? म्हणाले, तुम्ही नियमात बसत नाही, उत्पन्न जास्त. जास्त! हा माणूस शुद्धीवर आहे का? श्रीमंताला फीची फिकीर नाही, गरिबाचं सरकार बघतंय. मधल्या माणसानं काय कपाळ बडवून घ्यायचं?

आमच्या कचेरीतला शिपाई मंगळू, साखरशेतच्या पाड्यावरचा. त्याच्या नवसूला स्कॉलरशिप, होस्टेल, सगळं फुकट. मधुच्याच वर्गातला, मार्क मधुपेक्षा कमी. मंगळूला चारचौघांत सुनावलं. म्हणाला, भाऊसाहेब, नवसू उपाशी साळंत जाय तवा कोनी हिसाब नाय इचारला. उद्धट! संस्थान विलीन झालं आणि हे असे बोलायला लागले.

संस्थान असतं तर दरबारात एक अर्ज टाकला असता, काम फत्ते. फरासखाना माझ्या हाताखाली होता. (हुद्दा कारकुनाचा, पण कारभार माझाच.) बडे पाहुणे आले की गालिचे, खुर्च्या, लोड-तक्के मी मांडायचे. आता मामलेदार कचेरीत बारनिशीला बसून आलेल्या-गेलेल्या टपालावर शिक्के मारतो.

११ जून
अखेर देवाला डोळे फुटले. ठाण्याला मध्यमवर्गीय मुलांसाठी फंड निघालाय. तालुक्यातून एकाच मुलाला मिळणार. रविवारी सेक्रेटरी घर बघायला येणार. अर्ज दोनच. एक आमचा मधु, दुसरा इदरीस भांडीवाल्याचा जहीर. इदरीसचं भर बाजारात दुकान, त्याला कशाला मदत? वर म्हणतो, भाऊसाहेब, आपण दोघं एकाच नावेत. माझ्या नावेत तू कधी बसलास रे?

तपकिरीची डबी संपली. कचेरीतल्या एकाकडून चिमूटभर घेतली. दुसऱ्याची तपकीर खर्चात धरत नाहीत.

१२ जून
ही म्हणाली, पितळी घागरी माळ्यावर टाकते, विटकं लुगडं नेसते, साहेबांना घोंगडीवर बसवू, आहे ते दिसू दे. डोकंच फिरलं. म्हणजे मी भिकारी दिसायचं? या बाईला व्यवहार म्हणून कळत नाही. मदत करणारा माणूस घराणं बघतो, रीत बघतो. मधु म्हणाला, आई म्हणते ते बरोबर आहे. त्याला म्हटलं, तू गणितं सोड.

१३ जून, शनिवार
काय सुचलंय! इदरीसकडे लाल गालिचा आहे, जाड, बोटभर पाय रुततो. वेताच्या चार खुर्च्या. फुलाफुलांचे चिनी कप. हे सगळं एका दिवसासाठी आपल्याकडे आणायचं. आपलं घर भरलं, त्याचं रिकामं. साहेब इथून उठून तिथे जाणार, तिथे काय दिसणार? पोती! नाक मुरडून परत फिरेल. दिवाणाचं डोकं लागतं याला.

वाटलं होतं कुरकुर करेल. तर म्हणाला, ले जाव भाऊसाहेब, आपके मेहमान वो हमारे मेहमान. स्वतः खुर्ची डोक्यावर घेऊन आला. त्याच्या खैरुननं कप एकेक करून फडक्यात गुंडाळून दिले. अडाणी माणसं. मला जराही वाईट वाटलं नाही. जरासं वाटलं, पण ते जेवण जड झाल्यामुळे.

१४ जून, रविवार, सकाळ
गालिचा अंथरला. कोपरे तिरके ओढून सुरकुती काढायची असते, मधुला दाखवलं. बघत नव्हता. वाण्याकडून तूप, साखर, केशर आणलं, उधार. ही काही बोलत नाही. शहाणी झाली.

संध्याकाळ
दणक्यात झालं! साहेबांनी श्रीखंड दोनदा घेतलं. घरभर नजर टाकून म्हणाले, वा! विचारलं, परिस्थिती कशी आहे? मी म्हणालो, देवाच्या दयेनं कशाला कमी नाही. तोंडातून गेलंच. पाहुण्यासमोर रडगाणं गायची आम्हांला सवय नाही. गालिच्याकडे बघून म्हणाले, उंची दिसतोय. मी म्हणालो, आमचाच, दरबारातून बक्षीस मिळालेला. मधु उठून परसात गेला. त्याला सभेत बसायची सवय लावली पाहिजे.

साहेबांना इदरीसकडे पोहोचवायला मंगळू गेला होता. म्हणाला, साहेब तिथं पोत्यावर तासभर बसलं, कोरा चहा प्यालं. तासभर? पोत्यावरून उठता आलं नसेल, जाडा माणूस.

२२ जून
जहीरला मिळालं.

हेडमास्तरांना पत्र आलंय. आमच्याबद्दल लिहिलंय, कुटुंब सुखवस्तू, मदतीची गरज दिसत नाही. सुखवस्तू! श्रीखंड खाऊन उलटला हरामखोर! ज्या घरात खुर्ची नाही त्याला फी माफ, आणि ज्यानं खुर्ची दिली त्याला लाथ. हा न्याय? उद्याच खरमरीत पत्र लिहितो. वाण्याचा माणूस दोनदा येऊन गेला.

२३ जून
पत्र लिहायला बसलो तोच इदरीस आला. मिठाई नाही, काही नाही, तोंड उतरलेलं. म्हणाला, भाऊसाहेब, साहेब आमचं रिकामं घर बघून फसले. मधुला मार्क जास्त. उद्या सकाळच्या एस.टी.नं दोघं ठाण्याला जाऊ, मी सांगतो गालिचा माझा, खुर्च्या माझ्या. जहीरचं मी दुकानावर कसंतरी भागवीन.

मधु दारात उभा होता. आठ दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे बघत होता. ही चुलीपासून उठून आली. मला फक्त हो म्हणायचं होतं.

पण ठाण्याला जाऊन काय सांगायचं? गालिचा मागून आणला? बक्षीस मिळालेलं खोटं? साहेब हसेल, परतल्यावर गाव हसेल, तो मंगळू हसेल. मी म्हणालो, इदरीस, आम्हांला कुणाची मेहेरबानी नको.

इदरीस उठला. जाताना गालिच्याचं विचारलंसुद्धा नाही; खुर्च्या, कप तेवढे परत गेलेत. ही म्हणाली, आता तुम्हीच लोळा त्या गालिच्यावर, पोराला मातीत घातलंत. पंचवीस वर्षांत एवढं बोलली नव्हती. पित्त झालं असेल.

पुढच्या वर्षीच्या फंडाला आत्ताच अर्ज करून ठेवायचा.

२९ जून
नवसू आणि जहीर एकाच एस.टी.नं नाशिकला गेले. मधु पोहोचवायला गेला, स्वतःचा कंपास जहीरला देऊन आला. नवीन होता! बोललो तर म्हणाला, मला आता लागणार नाही.

१ जुलै, बुधवार
मधुला तालुक्यातल्याच वांगणीच्या शाळेत मास्तरकी मिळाली. अर्ज कधी केला, मला विचारलं नाही. काही हरकत नाही. वर्षभर अनुभव घेईल, मग थेट इंजिनियर. पहाटे चिखलातून पायी निघाला. ट्रंक मंगळूनं उचलली, पैसे घेईना.

मी म्हणालो, तिथे जमिनीवर निजशील, गालिचा घेऊन जा. मधु म्हणाला, तो इदरीसचाचांना देऊन या, आप्पा. पाया पडला आणि गेला. वळणावर थांबेल असं वाटलं होतं. घाईत असेल.

तपकिरीची नवी डबी आणली. आता वाचवायची कुणासाठी? ओसरीवर बसलो. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, थांबेना. हिला म्हणालो, या वेळची तपकीर फार जोराची आहे.

ही म्हणाली, डबी अजून उघडलेली नाही.