बिस्किटचा श्वास

१२ जानेवारी
बिस्किट शिट्टी वाजवतो. आधी वाटलं हीटर असेल. मग टिल्डाच्या खोलीत त्याच्या काचेच्या पेटीशी कान लावला — श्वास घेताना बारीक शिट्टी, मधेच टक् असा आवाज. खायला टाकलेला उंदीरही तसाच पडलेला, त्याला शिवला नाहीये. टिल्डाला सांगितलं. तिनं सरळ टूसॉनला फोन लावला. आईला.

हा अजगर मार्लानंच दिलाय तिला. इथलं डुलुथ सोडताना पोरीच्या हातात अजगर दिला आणि गेली टूसॉनच्या वाळवंटात राहायला. तरी ती आई. मी चार वर्षं डबे भरते, ओले बूट वाळवते — मी लिनिया.

१३ जानेवारी
मार्लाचं निदान आलं. हवा कोरडी आहे म्हणे, पाणी आणखी फवारा, निलगिरीचे चार थेंब टाका. मी म्हटलं निलगिरी नको, सापाला झोंबते ती. टिल्डा म्हणाली, "तुला आईचं काहीच पटत नाही."
खरंय. पण निलगिरी मी टाकू दिली नाही.

नवऱ्याला, आर्लनला, सांगायला गेले. त्याला बर्फ काढायच्या गाडीवर जायचं होतं. "दोघी मिळून बघा," म्हणाला. दोघी म्हणजे कोण कोण, ते विचारलं नाही.

१५ जानेवारी
सकाळी नाकपुडीशी बुडबुडे. मान वर ताणलेली, तोंड अर्धवट उघडं. टिल्डा रडत होती — फोनकडे बघून. मी बिस्किटला उशीच्या अभ्र्यात घातलं, अभ्रा कोटाच्या आत पोटाशी धरला आणि टिल्डाला म्हटलं, गाडीत बस.

प्राण्यांच्या डॉक्टर हॅलोरनबाईंनी तोंडातली चिकट लाळ कापसावर घेतली, तपासायला पाठवली. फुफ्फुसात संसर्ग आहे. सापाला आपल्यासारखं खोकून कफ काढता येत नाही, आतच साचतो. म्हणून मान वर करून बसतो बिचारा. मग विचारलं, पेटी कुठे असते? टिल्डा खाली बघत म्हणाली, खिडकीशी. फोनवर आईला तो उजेडात नीट दिसावा म्हणून.
आणि वर पाणी रोज फवारलेलं. बाई म्हणाल्या, ओल चालते, पण उबेत. गारठ्यात ओल म्हणजे दुखण्याला आमंत्रण.

मार्ला चुकली हे ऐकून मला बरं वाटलं. समोर जीव गुदमरतोय आणि मला बरं वाटलं! शी.

२० जानेवारी
इंजेक्शनं सुरू आहेत. मानेच्या थोडं खाली, पाठीच्या कण्याच्या बाजूला, स्नायूत. टिल्डा धरते, मी टोचते. पेटी आतल्या भिंतीशी नेली. उबेच्या बाजूला नव्वद अंश फॅरनहाइट, गार बाजूही फार उतरू द्यायची नाही. भांडं रोज धुवायचं, पाणी रोज बदलायचं. सगळं मी करते.
आज टोचून झाल्याबरोबर फोनवर — "आई, आम्ही दिलं इंजेक्शन!" आम्ही. मी भांडी घासत होते, एक ताटली जरा जोरात आपटली. आर्लन म्हणाला, "बारा वर्षांच्या पोरीशी कसली बरोबरी करतेस?"
पोरीशी नाही करत. त्याला काय सांगू.

२४ जानेवारी
पुन्हा बुडबुडे. आज शिट्टी जिन्यापर्यंत ऐकू येते.

२६ जानेवारी
तपासणीचा निकाल आला. पहिलं औषध या जंतूंवर चालत नाही. दुसरं दिलंय. हॅलोरनबाईंनी खात्री दिली नाही.
परत येताना टिल्डानं विचारलं, मरेल का तो?
"माहीत नाही."
"आई म्हणाली, नाही मरणार."
"आई तिथं बसून म्हणते. इथं मी आहे."
बोलून गेले आणि जीभ चावली. ती तळ्याकडे बघत राहिली, गोठलेल्या. अभ्रा मात्र या वेळी तिनं स्वतःच्या कोटात धरला होता.

जळते मी. त्याला दुसरा शब्द नाही.

२७ जानेवारी
टिल्डा बोलत नाही. पण टोचायच्या वेळी आली आणि धरून बसली.

७ फेब्रुवारी
शिट्टी नाही! दोनदा कान लावला. तोंड मिटलेलं, मान खाली.

१३ फेब्रुवारी
बिस्किटनं उंदीर गिळला. टिल्डा धावत स्वयंपाकघरात आली, मला सांगितलं — आणि लगेच फोन घेऊन वर गेली. मी सूप ढवळत राहिले. ऐकायचं नव्हतं, तरी कान तिकडेच. काही समजलं नाही, नुसतं हसणं. सूप तळाला लागलं.

आर्लनला सांगून ठेवलंय, यापुढे नवा साप घरात आणायचा तर आधी वेगळ्या खोलीत ठेवायचा, त्याची भांडीही वेगळी. तो म्हणाला, नवा कोण आणतोय?

१६ फेब्रुवारी
टूसॉनचा फोन. माझ्या नंबरवर, टिल्डा शाळेत असताना. मार्ला म्हणाली, "तिच्या तोंडी सारखं तुझंच नाव असतं. लिनियानं कोटात घातला, लिनिया म्हणते निलगिरी नको, लिनियाला विचारते. फोन ठेवला की माझ्या पोटात दुखतं."
मी फोन कानाशी धरूनच बिस्किटच्या पेटीपाशी जाऊन बसले. तिनंही फोन ठेवला नाही.