कुलूपबाईंची लेक

३ ऑक्टोबर, शुक्रवार

सासूबाई जाणार म्हणतात! चौऱ्याऐंशीव्या वर्षी, आयुष्यात पहिल्यांदा!

हेडमास्तर येऊन आमंत्रण देऊन गेले. लेखकमहोत्सवाचे अध्यक्ष तेच. दरवर्षी त्या एका रविवारी अख्खं गाव सत्तर वर्षं मागे जातं. लांब कोट, उंच टोप्या, आणि जो तो लेखकाच्या कादंबरीतला कोणीतरी. आमचंच घर तेवढं दारं लावून बसतं. कारण कुलूपबाई. लेखक तरुणपणी ज्यांच्या घरी खोली घेऊन राहायचा, त्या घरमालकीण म्हणजे सासूबाईंची आई. त्याने तिला पुस्तकात घातलं ते दुधाच्या कपाटाला कुलूप लावून किल्ली उराशी धरणारी चिक्कू बाई म्हणून. अजून गावात कोणी हात आखडता घेतला की लोक म्हणतात — काय कुलूपबाई!

हेडमास्तर चहा ढवळत म्हणाले, "यंदा स्पर्धेत सात कुलूपबाया आहेत. बक्षीस साक्षात कुलूपबाईंच्या लेकीच्या हस्ते द्यावं, असं समितीला वाटतं." जनाची नाही तर मनाची तरी! मी तोंड उघडणार, तेवढ्यात आतून सासूबाई — "येईन की."

४ ऑक्टोबर, शनिवार

ह्यांनी घर डोक्यावर घेतलं. "आई, स्वतःच्या आईची टिंगल बघायला जायचंय तुला?"

सासूबाई शांत. "इतकी वर्षं हसतायत तिला. तिच्या बाजूने एक तरी माणूस तिथे नको का?"

"मी येणार नाही," म्हणून हे उठून गेले.

८ ऑक्टोबर, बुधवार

दुकानातून त्यांच्यासाठी नवी भिंगं करून आणली. उपयोग शून्य. चष्म्याच्या दुकानात एकोणीस वर्षं काढली, पण त्यांच्या डोळ्यांपुढे माझे सगळे नंबर संपले. भाषण मोठ्या अक्षरात लिहून देऊ का, विचारलं. "नको, मला पाठ आहे." काय पाठ आहे, ते काही सांगेनात.

धास्ती वाटते. अडखळल्या, लोक हसले, तर? आईचं झालं ते झालं, आता लेकीचंही हसं!

१२ ऑक्टोबर, रविवार

पाय बोलतायत. तरी लिहिते, नाहीतर उद्या निम्मं विसरेन.

"मी येणार नाही" म्हणणारे हे सकाळी सगळ्यांत आधी टोपी घालून तयार! मी भाड्याचा झालरीचा झगा घातला. काखेत काचत होता. सासूबाईंनी पोशाखाला साफ नकार दिला. "मी तेव्हाचीच आहे, मला कशाला सोंग?"

रस्ता फुलून गेलेला. औषधवाला उमराव झाला होता, पण मोबाइल कानाला! मजा वाटली, खोटं कशाला बोलू. मग सात कुलूपबाया मंचावर आल्या. एकीची किल्ली फावड्याएवढी. एक दुधाच्या बाटलीचे मुके घेत होती. लोक ओरडायला लागले — "दूध! दूध!" सासूबाई पहिल्या रांगेत, हात मांडीवर. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण लग्नाआधी त्याच गर्दीत उभी राहून मीही अशीच ओरडले आहे. हे त्यांना कधी सांगितलेलं नाही.

बक्षीस बेकरीवालीला मिळालं. सासूबाईंनी तिच्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा चाचपला. "जड आहे गं. आईची एकच होती." लोक खळखळून हसले. मग त्यांनी माइक हातात घेतला तो सोडेचनात.

"सातव्या प्रकरणातलं एक पान म्हणते."

आणि म्हटलं. न अडखळता —

"मी त्या दारात उभा राहिलो तेव्हा माझे बूट चिंब भिजलेले होते. बाईंनी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. बूट काढून घेतले. सकाळी पाहतो, तर दोन्ही बुटांत कागदाचे बोळे भरून ते चुलीपाशी ठेवलेले. त्या दिवसापासून मला त्या गावात परकं वाटलं नाही."

इथे ती कादंबरी लोकांना तोंडपाठ आहे. असं पान त्यात नाही! हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं. हेडमास्तर पुढे वाकून म्हणाले, "आजी, हे कुठल्या आवृत्तीत आहे?"

"माझ्या."

कोणी हसलं नाही. टाळीही वाजली नाही. बेकरीवालीने जुडगा सोडून खुर्चीखाली सारला.

१३ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी शेंगा सोलता सोलता आपणहून बोलल्या. पुस्तक आलं तेव्हा त्या बारा वर्षांच्या. आईला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण अभिमान केवढा! आमच्या भाडेकरूने पुस्तक लिहिलं! म्हणाली, माझ्याबद्दल काय लिहिलंय ते वाच. सातवं प्रकरण उघडलं आणि या पोरीची जीभ टाळूला चिकटली. "मग तिथे नव्हतं ते वाचलं."

दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, ते बुटांचं पुन्हा वाच. म्हणून पाठ करावं लागलं. लग्नानंतरही माहेरी गेल्या की जेवणं आटोपल्यावर आई पुस्तक पुढे करायचीच.

"बूट खरे होते?"

"खरे तर! सगळ्यांच्याच बुटांत ती कागद भरायची."

"आणि कुलूप?"

"तेही खरं. दूध तोच प्यायचा ना मेला!"

हसलो दोघी. आणि हसता हसताच त्या रडायला लागल्या. एकतीस वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. "गावाला काल सांगून टाकलं. पण तिला नाही गं सांगितलं कधी. शेवटपर्यंत फसवलं मी तिला."

मी म्हटलं, "बरंच केलंत, आई." पण ते बोलणं माझं मलाच पोकळ वाटलं.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

लेखकाच्या स्मारकातली बाई दुपारी दुकानात आली. चष्म्यासाठी नाही. त्याच्या पत्रांच्या पेटीत एक कार्ड आहे, सही नसलेलं. कोणाचं ते इतकी वर्षं कळत नव्हतं, रविवारी मंचासमोर बसल्या बसल्या कळलं म्हणे. त्याची प्रत घेऊन आली होती. अक्षर पहिलीतल्या मुलासारखं, ओळी वर चढत गेलेल्या.

घरी येऊन सासूबाईंना वाचून दाखवलं. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही.

"साहेब, नव्या भाडेकरूकडून वाचायला शिकले. तुमचं सातवं प्रकरण वाचलं. त्यात बूट नाहीत. माझी मुलगी वाचते त्यात आहेत. तिला कळवू नका. ती तुमच्यापेक्षा चांगलं लिहिते."

प्रत हातात घेऊन त्यांनी कागदावरून बोट फिरवलं. मग — "तारीख काय आहे?"

सांगितली. आई गेली त्या सालापर्यंत बोटांवर मोजत राहिल्या.

"म्हणजे अकरा वर्षं तिने मला वाचू दिलं."