शिडी सरकली

शनिवार, ४
दिवाणखान्याचं छत आजपासून! चौदा फूट. घर घेताना याच उंचीवर भाळले होते, आता मान वर केली की पोपडे दिसतात. रंगारी महिनाभर नुसत्या तारखा देतोय. मीच म्हटलं, आपणच करू. नवऱ्याला उंचीची धास्ती, नको नको म्हणत होता. मी ऐकते कुठली. शेजारच्या वायरमन काकांनी त्यांची लाकडी शिडी दिली. कुणाला हात लावू देत नाहीत एरवी.
मी शिडी धरली, तो चढला. अर्धं छत झालं.

रविवार, ५
तो पडला. उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलंय. कपाळाला तीन टाके.

सोमवार, ६
इथे तरी खरं लिहावं.
शिडी मी धरली होती. बहिणीचा फोन आला. आधी एका हाताने धरून बोलले. मग तिने कुणाची तरी नक्कल केली आणि मी हसत हसत खिडकीशी गेले. चार पावलं फक्त. मागे धाडकन आवाज.
दवाखान्यात सासूबाईंनी विचारलं, कसा पडला? तोंडून निघून गेलं — शिडी सरकली. त्याने माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, हो, शिडीच सरकली.
त्याला कळलंय की नाही, कळत नाही.

बुधवार, ८
सासूबाई काकांच्या दारात जाऊन वाट्टेल ते बोलून आल्या. मोडकी शिडी गळ्यात मारलीत म्हणे. मी भांडी घासत होते. नळ मोठा सोडला, ऐकू येऊ नये म्हणून.
संध्याकाळी काका स्वतः आले. प्लास्टरकडे बघत उभे राहिले. शिडीच्या पायाचं रबर झिजलं असेल, मी तपासून द्यायला हवी होती — तेच तेच पुन्हा. मी चहा दिला. साखर घालायची विसरले होते. त्यांनी मुकाट्याने प्यायला.

शनिवार, ११
त्याचं दुकान बंदच. घड्याळजीचा उजवा हात गेला म्हणजे काय राहिलं? आज डाव्या हातात चिमटा धरून बघत होता. बारीकसा स्क्रू उडाला. मी गुडघ्यांवर बसून शोधून दिला. ‘असू दे’ म्हणाला. चिडला असता तर बरं वाटलं असतं.
वर अर्धं छत पांढरं, अर्धं पिवळट. मान खाली घालूनच वावरते.

सोमवार, १३
काकांच्या अंगणातून सकाळभर करवतीचा आवाज. काय चाललंय बघायचा धीर झाला नाही.

मंगळवार, १४
काकांकडे गेले. उभ्या उभ्या सांगून टाकलं. काका, शिडी सरकली नाही, मी सोडली होती.
त्यांनी हातातला सुतळीचा गुंडा खाली ठेवला. मग म्हणाले, “म्हणजे शिडी चांगली होती.”
“हो काका.”
“तीस वर्षं चढलो तिच्यावर. काल कापली, पोरी. आणखी कुणी पडायला नको म्हणून.”
भिंतीशी तुकडे रचलेले, एकसारखे, सुतळीने बांधून. हाती घेतलेली वायरिंगची कामंही त्यांनी सोडून दिलीत. ओरडले नाहीत. बस म्हणाले नाहीत.
घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या पदर सावरत तशाच काकांकडे गेल्या. जाताना माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

बुधवार, १५
आज त्याला सांगितलं. म्हणाला, “माहीत आहे. वरून दिसत होतीस.”
मग का नाही बोललास, विचारलं. प्लास्टरच्या कडेचं सूत उपटत बसला.
“मी वर थरथरत होतो आणि तू हसत होतीस. तुला दचकवावं म्हणून शिडी मीच हलवली.”