डाव्या खुर्चीवरचा एइनो आणि इंजिन एकशे चौदा

मी, आर्वो मत्ती निएमी, निवृत्त इंजिन ड्रायव्हर, राहणार हेमलॉक बे, मिशिगन, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे, पण तो गुरुवारच्या आधीचा आहे. गुरुवारी जे ऐकलं त्याने मी अजून हादरलेलो आहे, हे कलम तीन वाचताना ध्यानात घ्यावं. यापूर्वीचं मृत्युपत्र रद्द समजावं.

१. राहतं घर, बँकेतली शिल्लक आणि तळ्याकाठची सौना, म्हणजे वाफेच्या अंघोळीची खोली, माझ्या पश्चात सायमीची. ती माझ्या दिवंगत बायकोची, लेम्पीची, भाची. लेम्पीचं शेवटचं आजारपण तिनेच काढलं. दर शनिवारी सौनात येण्यापासून एइनो लाहतीला कोणी अडवू नये. हे वाक्य मी शुक्रवारी खोडलं होतं, आज परत लिहिलं आहे.

२. माझा भाचा रूडी याला होडी, बर्फ ढकलायचं यंत्र आणि सगळी हत्यारं. इंजिन नाही. "मामा, भंगार आहे हो ते, गॅसने कापलं की संपलं," असं तो लेम्पीच्या मयताच्या जेवणात मांस भरलेली पेस्टी चघळत म्हणाला होता. ते मी विसरलेलो नाही.

३. इंजिन क्रमांक एकशे चौदा. बांधणी १९५२ ची, डिझेलवर वीज करून चालणारं, मालगाडी ओढायला आणि शंटिंगला दोन्हीला पुरणारं. खाणीची लाइन बंद पडल्यावर मी ते विकत घेतलं. घरामागच्या रुळांच्या तुकड्यावर ते उभं आहे. मागच्या मृत्युपत्रात मी ते एइनोच्या नावे केलं होतं, कारण सगळी नोकरी तो माझा मदतनीस म्हणून डाव्या खुर्चीवर होता.

आमच्या लाइनवर या इंजिनाचं लांब नाक पुढे आणि आमची केबिन मागे ठेवूनच गाडी चालवायची. लाकडाचा ट्रक आडवा आला तर आधी लोखंडाला लागावं, माणसाला नंतर. पण मग उजवीकडे बसलेल्या ड्रायव्हरला डावीकडचं काही दिसत नाही. फाटक आलं की डावीकडून एइनोची हाक यायची, "मोकळं!" मीही "मोकळं" म्हणायचो आणि गाडी पुढे काढायचो.

गुरुवारी एइनोला मोतीबिंदू दाखवायला शहरातल्या इस्पितळात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढू. डावा लहानपणीच गेलाय, त्याला हात लावण्यात अर्थ नाही."

मी म्हणालो, बाई, तुम्ही भलत्याच माणसाचे कागद बघताय. एइनो खाली बघत बसला.

"गवत उचलायचा दातेरी काटा डोळ्यात लागला होता," तो म्हणाला. "शाळेतही जात नव्हतो तेव्हा."

"आणि कंपनीच्या तपासण्या?"

"ओन्नी जायचा."

ओन्नी त्याचा जुळा भाऊ, गेल्या वर्षी वारला. दोघांना त्यांची आईसुद्धा टोपीवरून ओळखायची. परतताना मला मोटार कडेला घ्यावी लागली.

"अरे मेल्या, तुझ्या डोळ्यांच्या भरवशावर मी खनिजाचे डबे हाकत होतो! त्या फाटकांवरून शाळेच्या बस जायच्या!"

"एकाने दिसत होतं की."

"एकाने अंतर कळतं का?"

"नाही कळत. म्हणून तर थांबवायचो तुला."

खरंच थांबवायचा. सावली दिसली, थांब. गाय दिसली, थांब. "थांब आर्वो, खात्री नाही!" बहुतेक वेळा काहीच नसायचं. यार्डात आम्हाला कासव म्हणायचे, आणि मी त्याला चारचौघांत भित्री भागूबाई म्हणायचो. त्या लाइनवरच्या बाकी प्रत्येक ड्रायव्हरच्या गाडीखाली कोणी ना कोणी गेलं. माझ्या गाडीखाली कोणीच नाही. निरोपाच्या जेवणात मी माझ्या सावध हातांवर भाषण ठोकलं, तेव्हा सगळ्यात जास्त टाळ्या एइनोने वाजवल्या होत्या.

तरी राग जाईना. शुक्रवारी मीच रूडीला फोन केला की कटर घेऊन ये आणि काप ते. शनिवारी सकाळी तो आला, तर एइनो आधीच डाव्या खुर्चीवर जाऊन बसलेला.

"उतर खाली," मी म्हणालो.

"उतरतो. पण टाकीत काय उरलंय बघितलंत का दोघांनी? खात्री नाही. थांब आर्वो."

रूडी हसला. मग त्याने टाकीचं झाकण काढलं. तळाशी डिझेल होतं आणि वाफेचा भपकारा असा आला की तो मागे सरला. कापायला घेतलं असतं तर ठिणगी तिथेच पडली असती. त्याने कटर उचलून ट्रकमध्ये ठेवला. मी इंजिनाच्या पायरीवर बसलो.

सबब इंजिन एकशे चौदा, भोंगा आणि दोन्ही खुर्च्यांसकट, एइनोचं. राग अजून आहे, तो मी कोणाच्या नावे करत नाही.

४. माझी शवपेटी उचलताना पुढे डावीकडे एइनोला उभं करावं. वाट काढून देण्याचं काम त्याचं. तो "मोकळं" म्हणेपर्यंत कोणी पाऊल टाकू नये. तो "थांब" म्हणाला तर थांबावं आणि त्याला का म्हणून विचारू नये. पाद्रीबाबांची कॉफी गार झाली तरी चालेल.

एइनोला साक्षीदार म्हणून सही करायची होती. ज्याला काही मिळतं त्याने सही करू नये, असं वकीलबाईंनी सांगितलं. तो बाहेर पायरीवर बसला आहे.

लिहून देणार : आर्वो मत्ती निएमी (सही)

साक्षीदार : हिल्डा कोस्की (सही), फ्रान्सिस लाबेल (सही)

हेमलॉक बे, मिशिगन
मंगळवार, १४ ऑक्टोबर १९८६